सतरा डिसेंबरची उधारी

“बायकांची मॅच कोण बघतं?” हे माझ्या थोरल्या भावाचं, दादाचं, 1997च्या डिसेंबरातलं वाक्य. तेव्हा आम्ही इंदूरला छावणीत राहायचो. नेहरू स्टेडियम घरापासून पायी पंधरा मिनिटांवर. मोठी मॅच असली की आमच्या गच्चीवर आरडाओरडा ऐकू यायचा. त्या महिन्याच्या 25 तारखेला भारत-श्रीलंका वन डे होती. तिच्या तिकिटांसाठी बाबांनी ऑफिसातल्या, गणपती मंडळातल्या आणि एका लांबच्या मावसभावाच्या अशा सगळ्या ओळखी खर्ची घातल्या. दोन तिकिटं आली. एक दादाचं हे आधीच ठरलेलं. दुसरं मी दोन दिवस तोंड फुगवून मिळवलं.

पाहिलं काय, तर तीन ओव्हर. बॉल कुठे उसळेल आणि कुठे बसेल याचा बॅट्समनला अंदाजच येईना. सचिन आणि रणतुंगा, दोघे कप्तान मैदानात, अंपायर, मॅच रेफरी, सगळ्यांची चर्चा झाली आणि मॅच बंद. श्रीलंका 1 बाद 17. मग लोकांची समजूत काढायला बाजूच्या खेळपट्टीवर एक प्रदर्शनी सामना खेळवला. तो म्हणजे लग्न मोडल्यावर पाहुण्यांना जेवायला वाढण्यातला प्रकार होता. घरी आलो तर आई दारातच म्हणाली, “एवढ्यात?”

आता खरी गोष्ट. त्याच मैदानावर, बरोबर आठ दिवस आधी, 17 तारखेला वर्ल्ड कपची मॅच झाली होती. महिलांच्या वर्ल्ड कपची. भारत आणि न्यूझीलंड, दोघांच्याही 176. टाय! आणि मी, जी पुढे आठ दिवसांनी तीन ओव्हरसाठी उपाशी राहणार होते, ती त्या दुपारी गच्चीवर सांडगे राखत बसले होते. दुसऱ्या दिवशी पेपरात आतल्या पानावर बातमी दिसली. मी दादाला म्हटलं, अरे, आपल्या नाकासमोर वर्ल्ड कपची मॅच टाय झाली आणि आपल्याला पत्ताच नाही! त्यावर त्याचं ते वाक्य.

तेव्हापासून ती मॅच माझ्या नावावर उधारीत पडून होती.

2025च्या महिला वर्ल्ड कपच्या पाच मॅचेस इंदूरच्या होळकर स्टेडियमवर, त्यातली भारताची एक, 19 ऑक्टोबरला इंग्लंडशी, हे वाचलं त्याच दिवशी मी ठरवलं की जायचं. तिकिटं काढली माझ्या भाचीने, दादाच्या मुलीने. तेरा वर्षांची आहे, घरात सगळे तिला छोटी म्हणतात आणि तिला ते अजिबात आवडत नाही. फास्ट बॉलिंग टाकते. या वर्ल्ड कपची तिकिटं शंभर रुपयांपासून होती. आम्ही त्याहून बऱ्या जागेची घेतली, तरी तिघांचं मिळून जेवढं झालं तेवढ्यात पुरुषांच्या वन डेचं एक आलं असतं की नाही कोण जाणे. दादाला हे पटेचना. तिकीट विकत घेणं हा त्याला कमीपणा वाटतो. “अगं थांब, मी पास काढून राहिलो आहे ना,” असं तो शेवटपर्यंत म्हणत होता. आमच्या इंदुरी मराठीत माणूस काही करत नाही, तो नेहमी करून राहिलेला असतो. पास आला नाहीच.

दादा येणार होता तो छोटीसाठी, मॅचसाठी नाही, असं त्याने तीनदा सांगितलं. होळकर स्टेडियमवर त्याचा हक्क आहे असं तो समजतो, कारण 8 डिसेंबर 2011ला वीरेंद्र सेहवागने वेस्ट इंडीजविरुद्ध 149 बॉलमध्ये 219 ठोकले तेव्हा दादा तिथे होता. ही माहिती तो रिक्षावाल्यालाही देतो. त्या रविवारीही दिली. “सचिनचं ग्वाल्हेरला, सेहवागचं इथं. वन डेची पहिली दोन्ही द्विशतकं आपल्या एमपीत, भिया!”

“पुरुषांची,” छोटी म्हणाली. “पहिलं बेलिंडा क्लार्कचं आहे. 229 नॉट आउट, डेन्मार्कविरुद्ध, मुंबईत. 16 डिसेंबर 1997.”

मी दादाकडे पाहिलं. तो रस्त्याकडे बघत होता.

घरून निघणं हे मॅचपेक्षा अवघड होतं. त्या वर्षी तिथीचा घोळ. अख्ख्या शहराची दिवाळी 20 तारखेला. आमच्या मराठी कॅलेंडरात 20ला नरक चतुर्दशी आणि लक्ष्मीपूजन 21ला. म्हणजे 20च्या पहाटे चार वाजता उठून अभ्यंगस्नान, आणि आदल्या रात्री घरची बाई स्टेडियमात. चकल्या व्हायच्या होत्या. भाजणी भिजवून, सोऱ्यात भरून, नवऱ्याला दोन चकल्या पाडून दाखवल्या आणि निघाले. “काटे नाही आले तर?” तो दारापर्यंत विचारत आला. नाही आले तर कडबोळी म्हण, मी सांगितलं. वहिनीने येताना शंकरपाळ्यांचा स्टीलचा डबा माझ्या पिशवीत कोंबला. स्टेडियमात डबा नेता येत नाही हे मला माहीत होतं. वहिनीला सांगून उपयोग नव्हता.

मॅच तीनला सुरू होणार होती, आम्ही एकच्या सुमारास जंजीरवाला चौकात उतरलो. पुढे रस्ता बंद, पायीच. रेसकोर्स रोडवर दुतर्फा निळ्या जर्सी टांगलेल्या, गालावर तिरंगा काढून देणारी पोरं, पिपाण्या, टोप्या. मी मुद्दाम पाठीवरची नावं वाचत चालले होते. कोहली, रोहित होतेच, पण 18 नंबरवर स्मृती लिहिलेल्या जर्सीही लटकत होत्या. 18 नंबर विराटचाही आणि स्मृती मंधानाचाही, म्हणजे विकणाऱ्याची सोय. एक मुलगा, असेल आठ-नऊ वर्षांचा, हट्ट करत होता की त्याला ‘हरमन’च, म्हणजे कप्तान हरमनप्रीतच, पाहिजे. त्याचे वडील विराट घे म्हणत होते. मी तिथेच रेंगाळले. छोटीने हात धरून ओढलं.

तिला क्रांती पाहिजे होती. क्रांती गौड, आमच्याच मध्य प्रदेशातली, छतरपूर जिल्ह्यातल्या घुवाऱ्याची पोरगी. जुलैत इंग्लंडमध्ये इंग्लंडच्याच सहा विकेट काढून आलेली. क्रांतीची जर्सी कुणाकडेच नव्हती. मग छोटीने गालावरच्या तिरंग्याखाली पेनाने नाव लिहून घेतलं.

आता गेट. पुरुषांच्या मॅचला, मी जेव्हा केव्हा गेले आहे तेव्हा, एक गोष्ट सुखाची असायची. बायकांची रांग छोटी. नवरे आणि भाऊ उन्हात तिष्ठत असायचे आणि आपण तपासणी उरकून आत गार पाणी पीत उभ्या. या वेळी उलटं. दादा पाच मिनिटांत आत, आणि आमची रांग वळून-वळून फुटपाथपर्यंत. युनिफॉर्मातल्या अकादमीच्या मुली, कोचिंगच्या किटबॅगा लटकवलेल्या, आज्यांचे हात धरलेल्या नाती, साड्या खोचलेल्या बायका, कॉलेजच्या पोरींचे घोळके. तपासायला मात्र महिला शिपाई मोजक्याच, त्यांनाही एवढ्या बायकांची सवय नसावी. पाऊण तास लागला. पायाला गोळे आले, पण खरं सांगायचं तर ती रांग मला आवडली. पुढे चारच दिवसांनी याच शहरात ऑस्ट्रेलियाच्या दोन खेळाडू सकाळी कॅफेकडे चालत जात असताना एका माणसाने त्यांची छेड काढली, त्याची बातमी वाचताना मला हीच रांग आठवत होती. त्याला अटक झाली. आपल्या शहराचं नाव स्वच्छतेसाठी आठ वेळा घेतलं गेलं याचा आम्हाला केवढा माज, आणि त्या दोन मुलींनी हे शहर कशासाठी लक्षात ठेवायचं?

तर, डबा. “आंटी, डब्बा अंदर नी जाएगा,” शिपाई बाई म्हणाल्या. मी म्हटलं, दिवाळी आहे, तुम्हीच खा. त्यांनी झाकण उघडून एक शंकरपाळी तोंडात टाकली, मान डोलवली आणि म्हणाल्या, “अच्छा है, पर नी जाएगा.” शेवटी छोटी पळत जाऊन कोपऱ्यावरच्या पानाच्या ठेल्यावर डबा ठेवून आली. नाणी, पॉवर बँक, कंगवा, सगळ्यांची गत तीच. माझ्या पर्समधली कुंकवाची डबी मात्र सुटली.

आमची जागा पूर्वेच्या बाजूला होती. यातला धोका मला दुपारी चारनंतर कळला, सूर्य थेट डोळ्यांत येऊ लागला तेव्हा. टोप्या आम्ही बाहेर महाग म्हणून घेतल्या नव्हत्या. मी ओढणी डोक्यावर घेतली. दादाने तिकिटाच्या प्रिंटची घडी करून कपाळावर धरली, सेहवाग 219 करत असताना सूर्य कुठे होता याचं वर्णन करत.

पण त्याआधी ते पहिलं पाऊल. पायऱ्या चढून जिन्याच्या तोंडाशी आलं की एकदम हिरवं अंगावर येतं. टीव्हीवर मैदान सपाट आणि लांब दिसतं. इथे कळतं की ते केवढंसं आहे. होळकर स्टेडियमच्या सीमारेषा तशाही जवळच्या. रेणुका सिंग आमच्यासमोर सीमेवर उभी राहिली तेव्हा तिच्या बुटाची नाडी दिसत होती. छोटी गप्प झाली. ही पोरगी झोपेतही बोलते.

इंग्लंडने टॉस जिंकून बॅटिंग घेतली. टीममध्ये जेमिमा रॉड्रिग्ज नाही हे मोठ्या पडद्यावर दिसलं तेव्हा आमच्या गॅलरीत वाद सुरू झाला. सहावा बॉलर हवा म्हणून एक बॅटर काढला होता, तिच्या जागी रेणुका. मागच्या रांगेतले एक काका ठाम होते की हे बरोबर झालं, आपल्याला बॉलिंगच नडते. त्यांच्या शेजारची मुलगी म्हणाली, “और चेज में फँसे तो?” काकांनी तिच्याकडे दयेने पाहिलं. मला ती मुलगी मॅच संपल्यावर शोधायची होती, सापडली नाही.

स्टेडियमात बसून मॅच कमी दिसते, हे कुणी सांगत नाही. कॉमेंट्री नसते. अपील झालं की अंपायरचं बोट वर गेलं की नाही हे समोरच्या माणसाच्या डोक्यावर अवलंबून. बॉल वळला, थांबला, आत आला, काही कळत नाही. कळतो तो आवाज. बॅटचा मधला भाग लागला की कोरडा ठॉक येतो, कड लागली की नुसतं टिक. पहिल्या तासानंतर मी डोळ्यांपेक्षा कानांवरच भिस्त ठेवली. हेदर नाइटचे ठॉक फार येत होते. ती गुडघा टेकून स्वीप मारत होती, उलटा, सुलटा. देशातल्या सगळ्यात स्वच्छ शहरात येऊन इंग्लंडच्या बाईने झाडू मारला म्हणा ना. 109 केले तिने. एमी जोन्सने 56.

दीप्ती शर्माने चार विकेट घेतल्या म्हणून बरं, नाहीतर तीनशे पार होतेच. क्रांतीला विकेट मिळाली नाही. तिच्या प्रत्येक ओव्हरला छोटी उभी राहून तिच्याबरोबर रनअप घेतल्यासारखी हलत होती. एकदा क्रांती आमच्या बाजूला फिल्डिंगला आली, तेव्हा छोटीने जीव तोडून हाक मारली, “क्रांतीदीदी! घुवारा!” क्रांतीने वळून हात वर केला. कुणासाठी केला कोण जाणे, आजूबाजूला पन्नास जण ओरडत होते. छोटीच्या मते प्रश्नच नव्हता.

इंग्लंड 8 बाद 288.

मधल्या वेळेबद्दल काय सांगावं? सगळे एकदम उठतात. बायकांच्या स्वच्छतागृहाबाहेर पुन्हा तीच रांग, गेटवरची. पाणी बाटलीतून ग्लासात ओतून देतात आणि ग्लास घेऊन पायऱ्या चढेपर्यंत अर्धं हातावर येतं. समोसा गार होता. दादाने घेतलेले पोहे मी चाखले आणि परत दिले. इंदूरमध्ये पोह्यांवर जिरावन मसाला न घालणं हा गुन्हा आहे, पण गर्दीत माणूस चुकतो. तेवढ्यात नवऱ्याचा फोन आला. नेटवर्क जाम, तुटक-तुटक आवाज. “काटे... आलेत... पण तुटतात.” मोहन कमी-जास्त झालं असेल, तेल नीट तापू दे, मी ओरडले. पुढच्या रांगेतल्या बाईने मागे वळून सांगितलं, “पाणी जास्त झालंय भाजणीत. माझं कालच असं झालं.” लोकमान्यनगरच्या निघाल्या. ओळख निघायला वेळ लागला नाही, त्यांच्या नणंदेचे दीर आमच्या शाळेत होते. इंदुरात दोन मराठी माणसं भेटली की तिसऱ्या वाक्याला नातं निघतं.

दिवे लागले. आभाळ आधी जांभळं, मग काळं. दिवाळीचे रॉकेट मैदानाच्या कडेकडेने वर जाऊन फुटत होते, शहर आपापल्या नादात. प्रतीका रावल लवकर गेली, हरलीन 24 वर. 42ला दोन. मागचे काका म्हणाले, “हो गया.” मग स्मृती आणि हरमनप्रीत.

पुढच्या दीड तासाबद्दल मी नीट लिहू शकत नाही, कारण मी पाहत नव्हते, ओरडत होते. स्मृती सांगलीची, मराठी मातीत खेळून मोठी झालेली. तिच्या कव्हर ड्राइव्हला आमच्या रांगेत तीन-चार जणींनी चक्क “वा, गं!” म्हटलं, गाण्याच्या बैठकीत म्हणतात तसं. मग तो प्रकार पसरला. आमच्या भागात तिच्या प्रत्येक चौकाराला “वा, गं!” होऊ लागलं. हिंदी पोरंही म्हणू लागली, अर्थ न विचारता. दोघींनी 125 जोडल्या. हरमन 70 वर गेली तरी कुणी घाबरलं नाही, दीप्ती आली, ती उभी राहिली. धावफलकावर 234. जिंकायला 289. मी शाळेत गणित शिकवते, मला सवय आहे, मी मनात भागाकार करत होते. षटकाला सहाच्या आसपास, हातात सात विकेट. एवढं सोपं उदाहरण मी सातवीच्या मुलांनाही देणार नाही.

दादाने, ज्याला मॅचसाठी यायचं नव्हतं, बूट काढून ठेवले होते. बूट काढले की विकेट जात नाही, असं त्याचं शास्त्र आहे.

आणि स्मृतीने लिन्सी स्मिथला उचलून मारलं. लागलं त्याचा आवाज आला. ठॉक नव्हता. तो नुसता ‘ठप’ होता. बॉल वर गेला आणि मी बॉलकडे बघितलंच नाही, मी स्मृतीकडे बघितलं, ती धाव घ्यायची थांबली होती. लाँग ऑफला कॅच. 88. ते आवाज बंद होणं मी कधी विसरणार नाही. हजारो माणसं एका क्षणी गप्प होतात तेव्हा शांतता होत नाही. मग जनरेटरची घरघर ऐकू येते, लांबचे फटाके ऐकू येतात, शेजारच्या बाईचा श्वास ऐकू येतो.

तरीही गणित सुटत होतं. मग रिचा घोष गेली. दीप्ती पन्नास करून गेली. 27 हव्या होत्या. मागचे काका आता काहीच बोलत नव्हते. अमनजोत आणि स्नेह राणा धावत होत्या, एक-एक, दोन-दोन, पण चौकार येईना. छोटी माझ्या दंडात नखं रुतवून उभी. खुणा दुसऱ्या दिवशी उटणं लावताना दिसल्या.

शेवटच्या ओव्हरला 14. स्मिथच टाकायला आली, जिने स्मृतीला काढलं होतं तीच. डावखुरी स्पिनर, शेवटची ओव्हर, ओला बॉल. मी मनात म्हटलं, दोन चौकार. दोनच तर मागतोय. आले नऊ. चार धावांनी हरलो. चार विकेट शिल्लक, आणि चार धावा कमी. ही बेरीज कुठल्या पुस्तकात बसत नाही.

इंग्लंडच्या मुली मैदानात एकमेकींना मिठ्या मारत होत्या. आमच्या मुली जागच्या जागी वाकून, गुडघ्यांवर हात ठेवून उभ्या. निळी जर्सी घातलेली एक अगदी लहान पोर, पाच वर्षांची असेल, आईच्या कडेवर हुंदके देत होती आणि आई तिला म्हणत होती, “बेटा, अभी और मैच हैं.” लोक उठून जाऊ लागले. छोटी उठेना. बक्षीस समारंभाच्या वेळी क्रांती दिसेल म्हणून बसून राहिली, ग्राउंड्समन खेळपट्टी झाकायला आले तरी.

(पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे. जेमिमा परत आली. न्यूझीलंडविरुद्ध नाबाद 76, सेमीफायनलला ऑस्ट्रेलियाविरुद्ध नाबाद 127. 2 नोव्हेंबरला नवी मुंबईत दक्षिण आफ्रिकेला 52 धावांनी हरवून कप आला, फायनलला दीप्तीच्या पाच विकेट. पण 19 तारखेच्या रात्री ते आम्हाला कुठे माहीत होतं! त्या रात्री तीन सलग हारींनंतर सगळं संपलंच आहे असा चेहरा करून अख्खं रेसकोर्स रोड चालत होतं.)

पानाचा ठेला चालू होता. डबा परत मिळाला. उचलताना हलका लागला, पण मालक म्हणाला, “आंटी, क्या मैच था, टेंशन में...” आणि पुढचं हातानेच सांगितलं. मी हसले. त्या दिवसात पहिल्यांदाच कुणाला तरी शंकरपाळ्यांचा खरा उपयोग झाला होता.

रिक्षा मिळेना म्हणून चालत छप्पन दुकानकडे निघालो. भूक नव्हती, पण दादाला दुःखात खोपरा पॅटिस लागतं. रात्रीचे अकरा वाजत आलेले, दिव्यांच्या माळा, मिठाईवाल्यांकडे शेवटच्या क्षणी धावत आलेली गिऱ्हाईकं. आम्ही तिघे एका कट्ट्यावर प्लेटा घेऊन बसलो. कुणी काही बोलत नव्हतं. छोटीच्या गालावरची क्रांती घामाने ओघळून हनुवटीपर्यंत आली होती.

“टाय तरी व्हायला पाहिजे होती,” मी म्हटलं. “त्या 97च्या मॅचसारखी. ती तर पाहिलीच नाही आपण.”

दादाने पॅटिसचा घास गिळला. चटणी संपली होती, ती मागायला उठला, परत येऊन बसला.

“मी होतो,” तो म्हणाला.

“कुठे?”

“नेहरू स्टेडियमात. सतरा तारखेला. म्हणजे शेवटचा तासभर. कॉलेजातून येता येता गेलो होतो.”

मी त्याच्याकडे बघतच राहिले. अठ्ठावीस वर्षं! ज्या माणसाने मला तोंडावर सांगितलं की बायकांची मॅच कोण बघतं, तो आदल्याच दिवशी ती बघून आला होता. आणि मी गच्चीवर कावळे हाकत होते, पंधरा मिनिटांवर.

“आणि सांगितलं नाहीस?”

“सांगितलं असतं तर बाबा म्हणाले असते, प्रॅक्टिकल सोडून पोरींची मॅच बघून राहिला होता.” मग थोडं थांबून, “आणि तू म्हणाली असतीस, मला का नाही नेलं.”

“ते तर आत्ताही म्हणतेय.”

“हो ना.”

छोटीने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. तिला या भांडणात रस नव्हता, तिला स्कोअर पाहिजे होता. “बाबा, टाय कशी झाली? शेवटच्या बॉलवर? कोण बॅटिंग करत होतं?”

“मला काय आठवतं! मी शेंगदाणे खात होतो. मला तर वाटलं आपण हरलो. घरी येऊन गप्प बसलो. दुसऱ्या दिवशी हिने पेपर वाचला तेव्हा कळलं टाय होती.”

“मग सुपर ओव्हर?”

“तेव्हा नव्हती सुपर ओव्हर.”

“मग टाय झाल्यावर काय केलंत तुम्ही?”

दादाने विचार केला. “सायकल काढली आणि घरी आलो,” तो म्हणाला, आणि उरलेलं पॅटिस माझ्या प्लेटमध्ये ठेवलं.